खूण केलेले उंदीर गेले कुठे?

प्रश्न : मी एम.एस्सी. करते. बार्शी तालुक्यात आमच्या काळ्या रानात मे महिन्यात उंदीर जिवंत पकडले, कानाला बिल्ला लावून सोडले. ऑगस्टमध्ये तिथेच पिंजरे लावले, तर बिल्ल्याचा एकही सापडला नाही. पावसात मेले असं लिहू का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : एवढ्यात लिहू नका. काळ्या रानातला मऊ केसांचा शेतउंदीर, मिलार्डिया मेलटाडा, उन्हाळ्यात जमिनीच्या भेगांत राहतो. मृगाचा पाऊस झाला की माती फुगते, भेगा मिटतात. काही उंदीर बुडून मरतात, हे खरं आहे. पण काही बांधावर चढतात. तुमचे पिंजरे मात्र होते तिथेच राहिले, म्हणजे राहणाऱ्यांनी सोडलेल्या घराच्या दारात. बांधावर, कडेच्या बोरी-बाभळीखाली एक रांग लावा, मग बोलू.

मेला, निघून गेला, की पिंजऱ्याला बिचकला, हे एका फेरीत वेगळं काढता येत नाही. खूण करून सोडलेले प्राणी पुन्हा किती सापडतात यावरून किती जगले ते काढायची जी पद्धत कॉरमॅक (1964), जॉली आणि सेबर (1965) यांनी दिली, तीतही मरण आणि स्थलांतर एकाच आकड्यात मिसळलेलं असतं. म्हणून दर महिन्याला सलग तीन-चार रात्री पिंजरे लावा. त्या थोड्या रात्रींत फारसं कुणी मरत नाही, येत-जात नाही. त्यामुळे पुन्हा सापडण्याची शक्यता किती, ते कळतं आणि महिन्या-महिन्यांतला फरक त्यावर तोलता येतो. शिवारात गव्हाणी घुबडाची बसायची जागा असेल तर तिथे पडलेल्या, त्याने ओकून टाकलेल्या केस-हाडांच्या गोळ्या फोडून बघा. कवटीबरोबर तुमचा बिल्ला निघाला, तर तो मृत्यूचा पक्का पुरावा.

हे काम चिकाटीचं आहे आणि आपल्याकडे फार थोडं झालंय. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1911 मध्ये सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण हाती घेतलं, त्याचा पहिला अहवाल खानदेशाचा. त्यातून कुठे कोण राहतं ते कळलं. पण कातडी आणि कवट्यांवरून एखादा उंदीर किती पावसाळे काढतो, हे कळत नाही. ते तुमच्यासारख्यांनीच शोधायचं आहे, म्हणून तुमचं पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला.

आता पिंजऱ्यातल्या जिवाबद्दल, आणि इथे मी हट्टी आहे. पत्र्याचा पिंजरा ऊन चढताच तापतो. उजाडताच फेरी पूर्ण झालीच पाहिजे. आत मूठभर कोरडं गवत आणि बाजरीच्या पिठात शेंगदाण्याचा कूट घाला. चिचुंद्री अडकत असेल तर रात्रीतून एक फेरी वाढवा, ती फार वेळ उपाशी तग धरत नाही. पिंजऱ्यात मेलेला उंदीर तुमच्या आकड्यांत 'पावसाचा बळी' म्हणून येता कामा नये, त्याची नोंद वेगळी ठेवा.

आणि हातमोजे घाला. ओल्या रानात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो, हाताला चीर असेल तर पिंजरे धुण्याचं काम त्या दिवशी दुसऱ्याकडे द्या.