इंग्लंडमध्ये मध्ययुगीन पद्धतीची, कुंपण नसलेली सामायिक शेती आजही कुठे चालते का?

हो, नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन या छोट्या गावात चालते, आणि ती देखाव्याची नाही. शेतकरी तिथे खरोखर पिकं घेतात. गावाभोवती वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी शिवारं आहेत. प्रत्येक शिवारात वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे पट्टे विखुरलेले. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक किंवा चाऱ्यासाठी. दरवर्षी पाळी बदलते. मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो तिथल्या गावसभेचा, म्हणजे कोर्ट लीटचा. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातल्या शेतकऱ्यांचीच ज्युरी गव्हाचं शिवार पायी फिरून तपासते, आणि कुणी शेतरस्त्यात किंवा सामायिक गवताळ पट्ट्यात नांगर घातला असेल तर दंड करते. मार्क पिअर्सने 1635 साली केलेल्या नकाशात याच तीन शिवारांतली पट्ट्यांची मांडणी दिसते. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मात्र आजचे पट्टे त्या नकाशाइतके अरुंद नाहीत: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरेच एकत्र करून मोठे केले गेले, आणि नांगरणी अर्थातच ट्रॅक्टरने होते.