नाकातनं गेलेली पूड पोटाला बाधते का?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही खानापूर तालुक्यातले. मिस्टर बेळगावच्या उद्यमबागेत रंगाच्या कारखान्यात 11 वर्षं झाली टायटॅनियमच्या पांढऱ्या पुडीच्या गोण्या ओततात, संध्याकाळी घरी आले की मिशा, भुवया सगळ्या पांढऱ्या. आता सहा महिने पोट साफ होत नाही, गॅस धरतो. मुलगा म्हणतो ही पूड नॅनो असते आणि युरोपात खाण्यात बंद केलीय. काम सोडायला सांगू का? – एक वाचक

उत्तर : ताई, पूड पोटात जाते हे खरंच. श्वासनलिकेत आतनं बारीक केसांसारखं अस्तर असतंय, ते कफाबरोबर धूळ वर घशाशी ढकलत राहतं आणि आपण ती दिवसभर नकळत गिळत राहतो. दुसरी वाट हाताची. मिस्टर तंबाखू खातात का ते तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडं निपाणी ते खानापूर किती जण खातात बघा की, सुट्टी झाली की तळहातावर मळायला घेतात, बोटांच्या रेघांत बसलेली पूड त्यातच जाते आणि चुनाही पांढरा, पूडही पांढरी, कळणार कसं?

गोणीतलं सगळंच नॅनो नसतं. नॅनो म्हणजे 100 नॅनोमीटरच्या आतलं (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), रंगाची पूड बरीचशी 200-300 ची, पण बारीक कणही त्यात असतात. गिळलेलं बहुतेक शौचावाटे निघून जातं, अगदी थोडं आतड्याच्या अस्तरात अडकतं, काळजी त्या थोड्याचीच. फ्रान्समधे 2017 साली उंदरांना 100 दिवस पाण्यातनं खाण्याच्या दर्जाचं टायटॅनियम डायऑक्साइड (हीच पांढरी पूड, टॉफीसारख्या खाण्यातही रंगासाठी घालतात) दिलं, तर काहींच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरआधीचे बदल दिसले. फ्रान्सनं 2020 पासून ते खाण्यात बंद केलं, 2022 मधे सगळ्या युरोपियन युनियननं. 2023 ला जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीनं मात्र खाण्यातल्या प्रमाणात धोका नाही हेच मत कायम ठेवलं. पण मला विचाराल तर टॉफीतली चिमूट आणि 11 वर्षं गोण्या ओतणं एका तागडीत घालूच नका.

तरी मिस्टरांचं पोट याच पुडीनं बिघडलं असं मी म्हणणार नाही, शिफ्टचं अवेळी जेवण, कमी पाणी, तंबाखू, यांनीही असंच होतं. पण सहा महिने म्हणजे लई झाले, डॉक्टरांकडं न्याच, ईएसआयचं कार्ड असेल तर तिथं, आणि काम काय करतात ते आवर्जून सांगा, छातीचा एक्स-रेही काढून घ्या कारण या पुडीचा पहिला मार फुप्फुसावर. शौचात रक्त, काळी शौच, वजन उतरणं यातलं काही असेल तर उद्याच जा.

काम लगेच सोडायला नको. रुमाल बांधून भागत नाही, धूळ अडवणारा एन-95 मास्क मालकाकडं मागा, तो देणं त्यांचं कामच आहे. कपडे कारखान्यातच बदलून पिशवीत आणायला सांगा, घरच्या कपड्यांत धुऊ नका, आणि डबा गोण्यांपाशी न उघडता आधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवून मग भाकरीला हात लावायचा.