नऊ पॅटर्नचा माइक, टिनाची खोली आणि बारा हप्ते

प्रश्न : ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावात घरच्या 10 बाय 12 फुटांच्या टिनाच्या खोलीत रेकॉर्डिंग करतो. झाडीपट्टीतल्या नाटकांच्या जाहिराती, मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) घोषणा, खंजिरी भजनं, अधूनमधून लग्नाची गाणी अशी कामं येतात. नोव्हेंबर ते मार्च महिन्याला खर्च जाऊन 9,000 रुपये उरतात, बाकीचे सात महिने 2,000. बँकेत 38,000 आहेत. लॅपटॉप, दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र) आणि एक साधा कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) माइक आहे. सगळ्या कामांना चालेल असा एकच चांगला माइक घ्यायचा आहे. नागपूरच्या दुकानात एकेजी सी414 चा भाव 84,000 सांगितला, किंवा 7,600 चे बारा हप्ते. रोड एनटी1 (पाचवी आवृत्ती) 23,000 आणि शुअर एसएम58 10,000. सी414 हप्त्यावर घेऊ का? की पीककर्जातली रक्कम वळवू?

उत्तर : सी414 आत्ता घेऊ नका आणि पीककर्जाला हात लावू नका. हंगाम तोंडावर आहे, तेव्हा एसएम58 घ्या, 7,000 खोलीवर घाला आणि उरलेले 21,000 बँकेत तसेच ठेवा. एनटी1 चा विचार मार्च संपल्यावर.

आधी हप्ता पाहू. 7,600 गुणिले 12 म्हणजे 91,200. वरचे 7,200 म्हणजे साडेआठ टक्के, असं दुकानात सांगतील. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, वर्षभर 84,000 तुमच्याकडे राहत नाहीत. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर दर साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा.

व्याजापेक्षा मोठी अडचण तुमच्या मिळकतीच्या चालीत आहे. हंगामाचे पाच महिने हप्ता भरून 1,400 उरतील, म्हणजे सगळे मिळून 7,000. पुढचे सात महिने 2,000 येतील आणि 7,600 जातील, म्हणजे दरमहा 5,600 ची तूट, एकूण 39,200. वर्षाअखेर 32,200 ची खोट बसते. तुमची जवळपास सगळी बचत त्यात जाईल, आणि वर्षभर या धंद्यातून घरात एक रुपयाही येणार नाही. त्यातही तुटीचे महिने नेमके रोवणीच्या (भातलावणीच्या) खर्चाच्या वेळी येतात. धानाचा चुकारा (विक्रीचे पैसे) किंवा सरकारी बोनस मधे येईल, या भरवशावर हप्ता बांधू नका. त्याची तारीख तुमच्या हातात नसते, हप्त्याची मात्र ठरलेली असते.

पीककर्ज स्वस्त वाटतं ते वेळेत फेडलं तरच. 3 लाखांपर्यंतच्या कर्जावर 7 टक्के व्याज, त्यात वेळेवर भरल्यास केंद्राची 3 टक्के सूट आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्याची सूट मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत हुकली की या सवलती गेल्या, आणि पुढच्या खरिपाला सोसायटीच्या दारात थकबाकीदार म्हणून उभं राहावं लागतं. शिवाय ते पैसे बियाणं, खत आणि मजुरीचे आहेत. माइकपायी खताची दुसरी मात्रा चुकली, तर नुकसान बांधीत (धानाच्या शेतात) दिसेल.

आता 84,000 मध्ये नेमकं काय मिळतं ते बघा. सी414 ला नऊ पॅटर्न आहेत, म्हणजे कोणत्या दिशेचा आवाज घ्यायचा त्याचे नऊ प्रकार. समोरासमोर दोघं गाणार असतील तर आकृती-आठ (पुढून आणि मागून घेणारा) आणि गोल बसलेल्या भजनी मंडळाला चारही दिशांचा, हे त्यातले खरे कामाचे. पण चारही दिशांचा पॅटर्न लावला की टिन, भिंती, बाहेरची मोटार आणि कोंबड्याही तितक्याच आत येतात. तुमच्या खोलीत तुम्ही कायम कार्डिऑइडच (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) वापराल, म्हणजे उरलेल्या आठ पॅटर्नचे पैसे कपाटात पडून राहतील. माइकच्या स्वतःच्या खरखरीतही तो पुढे नाही: सी414 ची 6 डीबी (डेसिबल), एनटी1 ची 4 डीबी, आणि आकडा जितका कमी तितकं चांगलं. आणि पंखा चालू असलेल्या खोलीत हा दोन डीबीचा फरक कुणालाच ऐकू येणार नाही.

तुमची मर्यादा माइक आहे की खोली, हे फुकटात तपासता येतं. रात्री पंखा बंद करून आत्ताच्या कंडेन्सरवर 30 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. मग गेनला (इंटरफेसवर आवाज वाढवायच्या बटणाला) हात न लावता तोच माइक गाद्या-गोधड्यांनी भरलेल्या कपाटात ठेवून पुन्हा 30 सेकंद घ्या. दुसऱ्या वेळी आवाज बराच खाली गेला तर दोष खोलीचा. तितकाच राहिला तर खरखर माइकची किंवा इंटरफेसची, आणि मग एनटी1 वर पैसे घालण्यात अर्थ आहे.

खोलीसाठी अंड्याचे ट्रे आणि इंचभर फोम नको. ते फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातात आणि खालचा घुमारा तसाच राहतो. जुन्या कापसाच्या गाद्या पिंजून पुन्हा भरून घ्या, दहा सेंटीमीटर तरी जाडीच्या. लाकडी चौकटीत उभ्या करा, भिंतीपासून आणखी दहा सेंटीमीटर सोडून. मधल्या पोकळीमुळे खालचे सूरही बरेच शोषले जातात. पहिल्या दोन गाद्या गाणाऱ्याच्या पाठीमागे लावा, कारण कार्डिऑइड माइकचं तोंड तिकडेच असतं. माइकच्या मागची भिंत नंतर. वायरचे जोड आणि बोर्ड कापसापासून लांब ठेवा. चौकटी, भरणावळ, स्टँड, पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी) आणि एक बरी केबल 7,000 मध्ये बसवायचं आहे.

एसएम58 का, तर जाहिरातीवाले ओरडून बोलतात. तोंड तीन-चार सेंटीमीटरवर ठेवून बोललं की थेट आवाज खोलीच्या आवाजापेक्षा खूप मोठा राहतो. एसएम58 सारखा डायनॅमिक माइक 'खोली ओढत नाही' म्हणतात त्यामागे हेच जवळचं अंतर असतं. लांब ठेवला तर तोही घुमतो. त्याला 48 व्होल्टची फँटम पॉवर (इंटरफेसमधून माइकला जाणारी वीज) लागत नाही. खंजिरीच्या झांजांची धारही तो थोडी बोथट करतो. त्यासाठी एक हात लांब, जरा तिरपा ठेवा. पेटीला (हार्मोनियमला) मात्र तो अपुरा पडतो, गेन फार वाढवावा लागतो आणि खरखर वर येते. पेटीसाठी जुना कंडेन्सरच वापरा, भात्याची फडफड टाळून वरच्या बाजूला दीड हातावर. दोन चॅनेल आहेतच, त्यामुळे भजनाला दोन्ही माइक एकदम चालतील. 'सगळ्यांना एकच' या हट्टापेक्षा ही जोडी तुमच्या कामाला जास्त उपयोगाची आहे. शुअरच्याच एसएम7बी माइकचा मोह झाला तर त्याला सुमारे 60 डीबी गेन लागतो, हे लक्षात ठेवा. इंटरफेस कमी पडला की प्रीअँपचा (गेन वाढवणाऱ्या वेगळ्या यंत्राचा) खर्च वाढतो.

एसएम58 च्या नकला बाजारात भरपूर आहेत. अस्सलचं वजन सुमारे 298 ग्रॅम. दुकानात काट्यावर टाका. पक्कं बिल घ्या, वॉरंटीसाठी. बिलातला 18 टक्के जीएसटी तुम्हाला परत मिळणार नाही, कारण नोंदणी नाही आणि सेवेची उलाढाल 20 लाखांच्या आत असल्याने ती लागतही नाही. म्हणून भाव विचारताना करासकटच विचारा.

हंगामात दरमहा 4,600 वेगळ्या खात्यात टाका, पाच महिन्यांत 23,000 जमतात. मार्चअखेर कपाटाची चाचणी पुन्हा करा. गाद्या लावूनही खरखर उरली आणि पेटीची, गाण्याची कामं वाढलेली असतील, तर एनटी1 रोखीने घ्या. कामं जाहिरातींचीच राहिली तर ते पैसे पावसाळ्याला ठेवा. प्रत्येक कामाचे पैसे शक्यतो यूपीआयवर घ्या आणि वहीत तारीख, काम, रक्कम लिहा. पुढे कर्ज लागलंच तर 50,000 पर्यंतचं शिशू मुद्रा विनातारण मिळतं, तेव्हा हीच वही आणि खात्याचा उतारा बँकेला दाखवता येईल.

रेकॉर्डिंग करताना लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. अर्थिंग कच्चं असेल तर येणारा गुणगुणाट बहुतेक वेळा तिथेच थांबतो. आणि पावसाळ्यात कंडेन्सर स्टँडवर सोडू नका. कॅप्सूलला ओल धरली की तडतड सुरू होते. काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरा.