वाचकांचे प्रश्न : लेआउट एक, पानं अनेक

प्रश्न : आमच्या वाचनालयाची वेबसाइट जँगोत (पायथॉन भाषेतल्या वेब-फ्रेमवर्कमध्ये) आहे. बारा टेम्प्लेट्स (पानांचे साचे) आहेत आणि प्रत्येकात हेडर, मेन्यू, फूटर जसेच्या तसे चिकटवलेले. वाचनालयाची वेळ बदलली की बारा फायली उघडायच्या. म्हणून सामाईक भाग एका फाइलमध्ये ठेवून ‘एक्स्टेंड्स’ वापरून पाहिलं, तर हेडर-फूटर दिसतात आणि मधला मजकूर गायब! एररही येत नाही.

उत्तर : मजकूर ब्लॉकच्या, म्हणजे साच्यातल्या नाव दिलेल्या जागेच्या, बाहेर राहिला आहे. टेम्प्लेटने ‘एक्स्टेंड्स’ म्हटलं की पान उभं करण्याचं काम बेस टेम्प्लेटकडे, म्हणजे सामाईक साच्याकडे, जातं. तुमच्या फाइलमधून फक्त ब्लॉक उचलले जातात, बाकीचं जँगो मुकाट्याने टाकून देतो. ब्लॉकच्या नावात एका अक्षराचा फरक पडला, म्हणजे बेसमध्ये ‘कंटेंट’ आणि पानात ‘कंटेंट्स’, तरी हेच होतं, कारण जँगोच्या लेखी ती चूक नाहीच.

सुरुवात सगळ्यात साध्या पानापासून करा. संपर्काच्या पानाची प्रत ‘बेस’ नावाने ठेवा, दुसरं एखादं पान शेजारी उघडा आणि दोघांत जिथे फरक दिसेल तिथेच ब्लॉक घाला. बहुतेक साइटना चार पुरतात : शीर्षक, जादा सीएसएस, मजकूर आणि जादा जावास्क्रिप्ट. बेसमध्ये पंधरा ब्लॉक झाले असतील तर पानांमध्ये सारखं असं फारसं काही नाही, किंवा तुम्ही घटकांचं काम लेआउटकडून करून घेताय. एकेक पान हलवा आणि दर वेळी ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडून बघा. डोळ्यांना पान ठीक दिसतं आणि आत बॉडी टॅग दोनदा असतो, हे या कामात हमखास होतं.

पुढे अडाल ती ठिकाणं आधीच सांगून ठेवतो. ‘एक्स्टेंड्स’ हा फाइलमधला पहिला टॅग हवा, ‘लोड’ (जादा टॅग आणणारा टॅग) सुद्धा त्याच्या खाली. बेसमध्ये केलेलं ‘लोड स्टॅटिक’ पानाला मिळत नाही, ते तिथे पुन्हा लिहावं लागतं. पानाने सीएसएसचा ब्लॉक भरला की बेसमधला त्या ब्लॉकचा मजकूर पुसला जातो. तो ठेवायचा असेल तर ब्लॉकच्या आत ‘ब्लॉक डॉट सुपर’ छापा. आणि एका टेम्प्लेटमध्ये एकाच नावाचे दोन ब्लॉक चालत नाहीत. त्यामुळे पानाचं नाव टायटल टॅगमध्येही हवं आणि वरच्या मथळ्यातही हवं असेल, तर ब्लॉकऐवजी व्ह्यूमधून (पानाला माहिती पुरवणाऱ्या कोडमधून) एक व्हेरिएबल पाठवा आणि दोन्हीकडे छापा.

प्रश्न : जँगोतच पुस्तकाचं कार्ड वेगळ्या फाइलमध्ये काढून ‘इन्क्लूड’ने आणतो. कुणीतरी सांगितलं म्हणून ‘ओन्ली’ जोडलं. तेव्हापासून कार्डातला ‘आरक्षित करा’ फॉर्म 403 (परवानगी नाही) देतो.

उत्तर : ‘ओन्ली’चा सल्ला बरोबर आहे, फक्त अर्धवट मिळाला. साध्या ‘इन्क्लूड’ला बोलावणाऱ्या टेम्प्लेटमधली सगळी व्हेरिएबल्स आपोआप दिसतात. ‘ओन्ली’ ती वाट बंद करतं आणि ‘विथ’ने हातात दिलेलंच आत जातं. सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आला हे पटवणारी खूण) हेही त्यांतलंच एक व्हेरिएबल असल्यामुळे तेही बाहेर राहतं. मग फॉर्ममधला सीएसआरएफ टॅग काहीच छापत नाही आणि सर्व्हर पोस्ट विनंती नाकारतो. उपाय : ‘विथ’मध्ये पुस्तकासोबत टोकनही नावाने द्या.

कार्ड बऱ्याच ठिकाणी लागत असेल तर इन्क्लूजन टॅग (टेम्प्लेटचा तुकडा छापणारा स्वतःचा टॅग) करा. तो टोकन स्वतःहून आत नेतो. त्यासाठी अ‍ॅपमध्ये ‘टेम्प्लेटटॅग्ज’ नावाचं फोल्डर हवं आणि त्यात इनिट फाइल (__init__.py) हवी. नवं फोल्डर केल्यावर डेव्हलपमेंट सर्व्हर हाताने बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, नाहीतर टॅग सापडत नाही म्हणून उगाच तासभर जातो.

‘ओन्ली’ मात्र काढू नका. त्याशिवाय कार्ड नकळत बाहेरच्या लूपमधल्या ‘बुक’ या नावावर अवलंबून राहतं. दुसऱ्या पानावर लूपचं नाव ‘आयटम’ असलं की कार्ड कोरं येतं, कारण टेम्प्लेटमध्ये नसलेलं व्हेरिएबल म्हणजे रिकामी जागा.

कार्डात लेखकाचं नाव छापत असाल आणि लेखक वेगळ्या टेबलमध्ये असेल, तर पन्नास कार्डांमागे पन्नास जादा क्वेरी (डेटाबेसला विचारणा) जातात. दोष कार्डाचा नसून व्ह्यूचा आहे : तिथल्या क्वेरीला ‘सिलेक्ट रिलेटेड’ लावा, सगळं एकाच क्वेरीत येईल. तुकडा एकाच पानापुरता असेल तर त्याला वेगळी फाइलही नको. जँगो 6.0 पासून त्याच टेम्प्लेटमध्ये ‘पार्शलडेफ’ने त्याला नाव देता येतं.

प्रश्न : दोन अ‍ॅप्समध्ये ‘लिस्ट’ नावाचं टेम्प्लेट आहे. नेहमी पहिल्याच अ‍ॅपचं उघडतं.

उत्तर : जँगो सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ यादीच्या क्रमाने शोधतो आणि पहिलं सापडलं की थांबतो. टेम्प्लेट्सच्या आत अ‍ॅपच्या नावाचं आणखी एक फोल्डर करा आणि व्ह्यूमध्ये पूर्ण मार्ग लिहा.

प्रश्न : लाराव्हेलमध्ये (पीएचपीतल्या फ्रेमवर्कमध्ये) सूचनेच्या चौकटीचा ब्लेड कॉम्पोनंट (त्याच्या टेम्प्लेट भाषेतला पुन्हा वापरता येणारा तुकडा) केला. हळूहळू नऊ प्रॉप्स (बाहेरून द्यायची मूल्यं) झाले : आयकॉन दाखवा, बटण दाखवा, बटणाचा मजकूर वगैरे. शिवाय चौकटीवर माउस नेला की मथळा पिवळ्या पट्टीत पुन्हा दिसतो.

उत्तर : माउसचं आधी. ‘टायटल’ हे नाव ‘प्रॉप्स’ डायरेक्टिव्हमध्ये लिहायचं राहिलं आहे. निनावी (क्लास नसलेल्या, नुसत्या टेम्प्लेटच्या) कॉम्पोनंटमध्ये तिथे न लिहिलेली प्रत्येक गोष्ट साधं एचटीएमएल अ‍ॅट्रिब्यूट धरली जाते आणि ‘अ‍ॅट्रिब्यूट्स’सोबत बाहेरच्या डिव्हवर छापली जाते. डिव्हला टायटल मिळालं की ब्राउझर टूलटिप दाखवणारच.

आता नऊ प्रॉप्स. ‘हे दाखवा, ते दाखवा’ छापाचे हो-नाही प्रॉप्स दोनच्या वर गेले की ते काढून स्लॉट (पानाने भरायची मोकळी जागा) द्यावा, असं आमचं मत. चौकटीला फक्त रंगाचा प्रकार कळू द्या. मजकूर मुख्य स्लॉटमध्ये आणि बटणं ‘अ‍ॅक्शन्स’ नावाच्या स्लॉटमध्ये बोलावणाऱ्या पानाने भरावीत. स्लॉट रिकामा असेल तर त्याभोवतीचा डिव्हही छापू नका, नाहीतर खाली विनाकारण मोकळी पट्टी राहते.

आतले आणि बाहेरचे गुणधर्म एकत्र करणारं ‘मर्ज’ वापरत असाल तर एक खाचखळगा : बाहेरून दिलेला क्लास मूळ क्लासला जोडला जातो, त्याची जागा घेत नाही. बाकीच्या बहुतेक अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये बाहेरचं मूल्य जिंकतं. टेलविंडमध्ये (तयार सीएसएस क्लासेसच्या संचात) चौकटीचं पॅडिंग 4 असताना पानाने 2 दिलं, तर दोन्ही क्लास एकत्र बसतात आणि कोणता लागू होईल हे स्टाइलशीटमधला क्रम ठरवतो. क्लास कुठल्या क्रमाने लिहिले याला काही अर्थ नाही. तेव्हा पॅडिंग बदलू द्यायचंच असेल, तर त्यासाठी प्रॉप ठेवा आणि क्लास आतच निवडा.

प्रश्न : नेक्स्ट जेएसच्या (रिअ‍ॅक्टवरच्या फ्रेमवर्कच्या) अ‍ॅप राउटरमध्ये डॅशबोर्डच्या लेआउटमध्येच लॉगिन तपासतो. सेशन संपलं तरी मेन्यूतून पुढची पानं उघडतात.

उत्तर : लेआउटचा स्वभावच तो. एकाच लेआउटखालच्या एका पानावरून दुसऱ्यावर जाताना लेआउट पुन्हा रेंडर (नव्याने तयार) होत नाही. म्हणूनच साइडबारचं स्क्रोल आणि उघडा मेन्यू जागच्या जागी राहतो, आणि म्हणूनच तुमची तपासणी पुन्हा चालत नाही. लेआउटऐवजी ‘टेम्प्लेट’ फाइल वापरण्याची युक्ती सुचवली जाते. ती दर वेळी नव्याने तयार होते हे खरं, पण सुरक्षेसाठी तिच्यावर विसंबू नका. जे फंक्शन डेटाबेसमधून माहिती आणतं, त्यातच सेशन तपासा. मग पान कुठल्याही वाटेने उघडलं तरी माहिती मिळणार नाही. लेआउटमधली तपासणी फक्त वर नाव दाखवण्यापुरती ठेवा.

लॉगिनच्या पानाला साइडबार नको असेल तर कंसातल्या नावाचं फोल्डर करून त्याला वेगळा लेआउट द्या, पत्त्यात ते नाव येत नाही. पण दोन्ही गटांचे मूळ लेआउट वेगळे ठेवलेत, तर एकातून दुसऱ्यात जाताना अख्खं पान नव्याने लोड होतं.

प्रश्न : आमच्या बटणाचा कॉम्पोनंट इंग्रजीत छान, मराठीत अक्षरं वर-खाली कापली जातात.

उत्तर : कॉम्पोनंटमध्ये ठरावीक उंची, लाइन-हाइट 1 आणि ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेलं लपवणारा नियम) हे त्रिकूट असेल. देवनागरीत रफार आणि वेलांटी शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली लोंबतो. उंची काढून मिनिमम हाइट आणि पॅडिंग द्या, लाइन-हाइट 1.5 च्या आसपास ठेवा. लेटर-स्पेसिंग शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते. लेआउटमधल्या एचटीएमएल टॅगची भाषाही मराठी करा, म्हणजे स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडेल. चाचणीसाठी बटणावर ‘पूर्ती’ लिहून बघा : खाली दीर्घ उकार, वर रफार आणि वेलांटी, सगळं एकाच शब्दात.