रिंगणात उभे, आज्ञेवर बसते : पिल्लाची दुहेरी तयारी

प्रश्न : माझ्याकडे साडेचार महिन्यांचे लॅब्रॅडॉर जातीचे नर पिल्लू आहे. त्याला डॉग शोमध्ये उतरवावे आणि आज्ञापालनाच्या स्पर्धांतही भाग घ्यावा, अशी इच्छा आहे. मात्र शोच्या सरावात मी थांबलो, की ते लगेच बसते. ‘आधी शो, बाकीचे शिक्षण नंतर’ हा मला मिळालेला सल्ला योग्य आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : माझ्या मते तो सल्ला मानण्याचे कारण नाही. आपले पिल्लू चुकत नसून शिकवलेलेच करत आहे. आज्ञापालनात मालक थांबताच कुत्र्याने त्याच्या डाव्या बाजूस बसणे अपेक्षित असते. शोच्या रिंगणात मात्र परीक्षक जातीच्या मानकाशी ताडून शरीरबांधणी व चाल पाहत असल्याने त्याने चारही पायांवर स्थिर उभे राहावे लागते. म्हणून ‘उभा’ ही ‘बस’इतकीच स्वतंत्र आज्ञा म्हणून शिकवावी.

खाऊचा तुकडा नाकाच्या पातळीवर धरावा. हात जरा वर गेला, की मान वर जाते आणि बूड टेकते. बहुतेकांचे चुकते ते इथेच. (लॅब्रॅडॉर खादाड, त्यामुळे हाताचा नेम अधिकच सांभाळावा लागतो.) प्रारंभी दोन सेकंद उभे राहिले तरी पाय हलण्याआधीच खाऊ द्यावा. ते बसलेच, तर न दटावता एक पाऊल पुढे चालवून पुन्हा उभे करावे, कारण बसण्यावरून बोलणी खाल्लेले पिल्लू पुढे आज्ञेवर बसतानाही कचरते.

दोन्ही सरावांची साधने वेगळी ठेवावीत : शोसाठी कानांमागे, मानेच्या वरच्या भागात बसणारी बारीक दोरी आणि आज्ञापालनासाठी रुंद पट्टा. गळ्यात काय आहे, त्यावरून काय करायचे हे पिल्लू हळूहळू ओळखू लागते. पट्ट्यावर त्याने आपल्या चेहऱ्याकडे पाहत चालले तर उत्तमच. दोरीवर मात्र तीच सवय चाल वाकडी करते, म्हणून तेथे खाऊ पुढे टाकून सरळ दुडकी चाल करवून घ्यावी.

सराव जेवणापूर्वी, तीन ते पाच मिनिटेच असावा. उड्या मात्र हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत नकोत.

परीक्षक दातही पाहतात. सध्या आपल्या पिल्लाचे दुधाचे दात पडून हिरड्या दुखऱ्या असतील, तेव्हा ओठ क्षणभरच, हलकेच उचलावा; परक्या व्यक्तीकडून दात तपासून घेण्याचा सराव पक्के दात आल्यावरच सुरू करावा.