कलम वाढत का नाही?

प्रश्न : अंगणात दोन वर्षांपूर्वी हापूसचं कलम लावलं. कमरेच्या वर जातच नाही. खत वाढवू का?

उत्तर : खत नंतर, आधी खाली वाकून जोड बघा, म्हणजे हापूसची काडी खालच्या रोपावर जिथे बांधलेली असते ती जागा. जोडावरची प्लास्टिकची पट्टी तशीच राहिली असेल, तर ती सालीत रुतते आणि कलमाची वाढ खुंटते. ब्लेडने उभी चिरून अलगद सोडवा. जोडाखालून फुटलेले कोंब खुंटाचे, म्हणजे त्या खालच्या रोपाचे; ते रायवळ, साधा कोयीचा आंबा. सगळं बळ तेच खातात. बुडापासून काढा. मोहर आला तर पहिली तीन-चार वर्षं खुडायचाच, जीव कितीही तुटला तरी! पावसाच्या सुरुवातीला 2 घमेली कुजलेलं शेणखत फांद्यांच्या घेराखाली द्या, बुंध्याशी नको. पालापाचोळ्याचं आच्छादनही खोडापासून वीतभर लांब. चिकटलं की साल कुजते.