रस्त्यात दिसलेल्या अनोळखी माणसाला ‘तुमचा फोटो काढू का’ असं कसं विचारायचं?

तुम्ही लिहिलंय की चेहरा आवडतो, कॅमेरा हातात असतो, पण विचारायचा धीर होत नाही. आणि लांबून गुपचूप काढलेले फोटो घरी आल्यावर चोरीचे वाटतात. वाटतात हे बरंच आहे. मला तसं वाटायलाच काही वर्षं लागली.

मी इंदूरचा. मे महिन्यातल्या एका सकाळी आठच्या सुमारास कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर गेलो होतो. राजवाड्यापासून चालत जाण्याइतक्या जवळ, कान्ह नदीच्या काठी, होळकरांच्या स्मरणार्थ बांधलेल्या. लोक तिथे नक्षीकाम टिपायला जातात, मी सावलीसाठी जातो. बाहेर ऊन तापलेलं असलं तरी खांबांच्या आत उजेड मऊ असतो.

एका खांबाला टेकून एक काका हिंदी पेपर वाचत बसले होते. शेजारी कापडी पिशवीत दुधाच्या दोन थैल्या. मांडीवर पसरलेल्या पेपरवर तिरपं ऊन पडलं होतं आणि त्याचा उजेड उसळून त्यांच्या हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत भरला होता. एरवी एवढ्यासाठी आम्ही थर्मोकोलचा पत्रा धरायला माणूस उभा करतो.

हिंदीत सुरुवात करणार, तोच त्यांचा फोन वाजला. “अगं आणतोय, जरा टेकलोय.” म्हटलं, आपलेच निघाले.

“काका, पेपरचा उजेड तुमच्या चेहऱ्यावर फार छान पडलाय. फोटो काढू?”

‘तुमचा चेहरा छान आहे’ म्हटलं की माणसाला वाटतं, हा आता काहीतरी विकणार. जे दिसलं तेच सांगितलं, तर तोही तिकडे बघायला लागतो. काकांनी खरंच पेपर वर-खाली करून पाहिला.

“काय करशील फोटोचं?”

“एक तुम्हाला छापून देईन, एक माझ्याकडे ठेवीन. कुठे टाकायचा झाला तर आधी विचारेन.”

“बरं. थांब.”

आणि मग त्यांनी मी मनात जुळवलेला सगळा फोटो मोडला. चष्मा काढून खिशात घातला. त्याच खिशातून कंगवा काढून भांग पाडला, शर्टाचं वरचं बटण लावलं, पेपरची घडी केली, दुधाची पिशवी खांबामागे ढकलली आणि शाळेच्या ग्रुप फोटोला बसावं तसे ताठ बसले.

“काका, मगाचसारखे बसा ना, सहज.”

“मी असाच असतो. मगाशी वाचत होतो.”

यावर काय बोलणार! पेपर तेवढा पुन्हा मांडीवर पसरायला लावला, फोटोत दिसणार नाही अशी हमी देऊन. ८५ एमएमची लेन्स, अंतर दोनेक मीटर, लेन्सचं छिद्र एफ २.८, फोकस जवळच्या डोळ्यावर. पहिले नऊ फोटो दाणेदार आले, कारण आदल्या रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत अंधारासाठी ३२०० वर नेलेला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, मी खाली आणलाच नव्हता. अशा वेळी चेहरा पाडायचा नाही; तोंडाने गप्पा चालू ठेवायच्या आणि बोटांनी चूक निस्तरायची.

दहाव्या फोटोनंतर मला ते नीट दिसायला लागले. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याने पाडलेले गुलाबी खळगे. चष्म्याविना मी त्यांना धड दिसत नव्हतो, म्हणून ते लेन्सकडे नाही, माझ्या आवाजाकडे बघत होते. मी गप्प झालो की नजर सैल पडायची. बोललो की डोळ्यांभोवतीचं कातडं किंचित आवळायचं. मग मी बोलतच राहिलो: त्यांची शाळा, जेल रोड, पोह्यांवर शेव किती. चष्मा लावूनही चार काढले. ते बरे आले, बस.

आमच्याच इंदूरचे महाराज, दुसरे यशवंतराव होळकर, यांचं बघा. बर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने १९२९ मध्ये त्यांना काळ्या युरोपीय पोशाखात रंगवलं, पुढे काही वर्षांनी मराठा पोशाखात, पगडीसह. मॅन रे या अमेरिकन छायाचित्रकाराच्या फोटोंत तेच महाराज पत्नी संयोगितादेवींबरोबर चक्क मस्करी करताना दिसतात. यातले खरे यशवंतराव कुठले, हे चित्रकाराने किंवा आपण कशाला ठरवायचं? ‘सहज’ दिसण्याचा हट्ट बहुतेक वेळा फोटो काढणाऱ्याचाच असतो. तो मी सोडलाय. ‘तुम्हाला कसं बसायचंय?’ एवढंच विचारतो.

नाही म्हणाले तर ‘बरं काका’ म्हणून निघायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. लहान मूल असेल तर आधी आईवडिलांना विचारायचं. आणि फोटो देतो म्हटलं तर द्यायचाच.

मी आठ बाय दहाचा प्रिंट घेऊन पुढच्या रविवारी गेलो, काका नव्हते. त्याच्या पुढच्या रविवारी भेटले. चष्मा लावून बराच वेळ बघितलं, मग म्हणाले, “बटण लावलं ते बरं केलं.” आमच्या चाळीस मिनिटांत उन्हाने दूध नासलं होतं म्हणे. काकूंनी त्याचा कलाकंद केला, आणि तो काकांनी एकट्याने संपवला.